कालच्या दिवसाची वही: स्वतःला ओळखण्याची एक रीत

स्वतःला ओळखा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती ओळख नेमकी कशी करून घ्यायची, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ‘मी कोण’ हा प्रश्न घेऊन डोळे मिटून बसण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिचा मान तिच्या जागी आहे. पण नोकरी, मुलांचा अभ्यास आणि आईवडिलांची औषधे सांभाळता सांभाळता ज्याला आपला आठवडा थोडा सुसह्य करायचा आहे, त्याची गरज साधी असते. दिवसातल्या कोणत्या वेळी आपण शांत असतो, कोणत्या वेळी क्षुल्लक गोष्टीवरून तडकतो, कोणाला भेटून आल्यावर हलके वाटते आणि कोणाचा फोन ठेवल्यावर तासभर काही सुचत नाही, एवढे कळले तरी त्याचे बरेच काम होते. ही माहिती नुसता विचार करून हाती लागत नाही, ती नोंदीतून मिळते. पुढे सांगितलेली रीत अशा नोंदीची आहे. तिला एक वही, रोजची वीसेक मिनिटे आणि दोन आठवड्यांचा धीर पुरतो.

आपले मन आपल्याला माहीतच आहे, त्यात लिहायचे काय, असे पहिल्यांदा वाटते. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात यावर एक मार्मिक प्रयोग आहे. दुकानातल्या टेबलावर नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने मांडून त्यांतला उत्तम कोणता, असे गिऱ्हाइकांना विचारण्यात आले. चारही जोड अगदी एकसारखे होते, तरीही सर्वांत उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी निवडला आणि सर्वांत डावीकडचा फक्त १२ टक्क्यांनी. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, टिकाऊपणा अशी कारणे दिली. जोड कुठे ठेवला होता याचा उल्लेख एकानेही केला नाही, आणि जागेचा परिणाम झाला असेल का, असे थेट विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी तो नाकारला. माणसे खोटे बोलत नव्हती. मन कारण शोधायला गेले की त्याला जे पटण्याजोगे सापडते ते ते देऊन टाकते. म्हणून या वहीचा पहिला नियम असा की, काय घडले आणि कसे वाटले तेवढे लिहावे. ‘का वाटले’ हा रकाना निदान पहिले दोन आठवडे ठेवूच नये.

दुसरी अडचण आठवणीची. ‘हा महिना कसा गेला?’ असे विचारले की आपण एकदोन ठळक प्रसंगांवरून अख्ख्या महिन्याचा निकाल देतो. ही अडचण टाळण्यासाठी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पद्धत मांडली. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना त्यांनी कालचा दिवस नाटकातल्या प्रवेशांसारखा तुकड्यातुकड्यांत मांडायला सांगितला आणि प्रत्येक तुकड्यात काय केले, कोण सोबत होते आणि कसे वाटले, एवढेच विचारले. या रीतीने पाहिल्यावर कामावर जाण्याचा सकाळचा प्रवास सर्वांत तळाशी निघाला, आणि मुलांची देखभाल, जी एरवी विचारले असते तर बहुतेकींनी आयुष्यातले मोठे सुख म्हणून सांगितली असती, ती टीव्ही पाहण्याच्याही खाली गेली. याचा अर्थ मुलांवर प्रेम नाही असा होत नाही. मुले असण्याचा आनंद आणि मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गृहपाठाला बसवण्याचा अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आपली वही या दुसऱ्या गोष्टीची आहे.

अशी नोंद आपल्या घरांना परकी नाही. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या रजा आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत, आणि महिनाअखेरीस हिशेबाला तोंडी आठवण चालत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. तोच व्यवहारीपणा स्वतःच्या बाबतीत थोडा वापरायचा आहे.

वही कशी लिहावी

शंभर पानी एकरेघी वही पुरे. सोनेरी कडांच्या महागड्या डायरीच्या वाटेला जाऊ नये, कारण तिच्यात चांगले अक्षर आणि चांगले विचार लिहिण्याचा मोह होतो, आणि इथे दोन्ही नको आहेत. डावे पान नोंदीला ठेवावे, उजवे कोरे सोडावे; ते पुढे वाचताना लागते. मोबाइलवर लिहिले तरी चालते, पण लिहायला म्हणून फोन हातात घेतला आणि अर्ध्या तासाने भलतेच काही पाहत बसलो, हा अनुभव कोणाला नाही?

लिहायची वेळ सकाळची असावी आणि लिहायचा तो कालचा दिवस. रात्री लिहिण्याची चाल जुनी आहे खरी, पण थकलेल्या माणसाला आपला सगळाच दिवस वाया गेल्यासारखा दिसतो. झोप झाल्यावर तोच दिवस अधिक सरळ दिसतो, असे माझे मत आहे. उठल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळाचे तुकडे पाडावेत. जागा, माणसे किंवा काम बदलले की तुकडा बदलला असे समजावे. साधारण दहा ते पंधरा तुकडे होतात. प्रत्येकासमोर वेळ, काय केले, सोबत कोण होते, शरीर कसे होते आणि काय वाटले हे एकदोन ओळींत लिहून शेवटी शून्य ते दहांपैकी दोन आकडे द्यावेत: एक सुखाचा, म्हणजे त्या वेळी किती बरे वाटले त्याचा, दुसरा समाधानाचा, म्हणजे आपल्या हातून काही झाले असे किती वाटले त्याचा. हे दोन आकडे वेगळे ठेवण्याची कल्पना मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांच्या उपचारपद्धतीतली. नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांकडून ते तासातासाचा तक्ता भरून घेत आणि प्रत्येक कामासमोर आनंदाचे व काम जमल्याचे गुण वेगवेगळे मांडायला लावत. रुग्ण नसलेल्यालाही ही विभागणी फार उपयोगी पडते.

नमुन्यादाखल डोंबिवलीत राहणाऱ्या एका नोकरदार स्त्रीच्या वहीतले चार तुकडे कल्पून पाहू.

सकाळी ५.५० ते ६.१५. चहा, एकटीने, ओट्याजवळ उभ्याने. घरात सगळे झोपलेले. निवांत. सुख ७, समाधान २.

६.१५ ते ७.४०. तीन डबे, पोळ्या, धाकटीची वेणी. दोनदा ओरडले. पाठ भरून आली. सुख २, समाधान ५.

७.५८ ते ९.०५. लोकल, ठाण्यापर्यंत उभी. नेहमीच्या चौघी. खूप हसलो. सुख ७, समाधान ०.

रात्री ९.३० ते ११.१०. पलंगावर मोबाइल. काय पाहिले ते आठवत नाही. डोळे जड, झोप नाही. सुख ३, समाधान ०.

टेक्सासच्या सरासरीत तळाला गेलेला प्रवास या वहीत वरच्या गुणांनी पास झालेला आहे. महिलांच्या डब्यातल्या त्या चार मैत्रिणी गाडीत जागा मिळण्यापेक्षा मोलाच्या आहेत, हे कोणत्याही सरासरीतून तिला कळले नसते. उलट घरून काम करण्याची सवलत मिळाली तर ती आनंदाने घेऊन तिने नकळत दिवसातला एक चांगला तास गमावला असता. दुसऱ्यांवर झालेल्या अभ्यासातून पद्धत उचलावी, निष्कर्ष मात्र स्वतःच्या वहीतूनच काढावेत.

भावना लिहिताना ‘बरे वाटले’ आणि ‘वाईट वाटले’ या दोहोंवर थांबू नये. मराठीत यासाठी शब्दांचा तुटवडा नाही, आणि प्रत्येक शब्दाबरोबर पुढची कृती बदलते. पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती असेल तर थोडी तयारी केल्याने ती ओसरते. राहून गेलेल्या गोष्टीची रुखरुख असेल तर एखादा फोन करून टाकणे हाच उपाय असतो. घालमेल बहुधा दोन मार्गांमधली असते आणि एक मार्ग निवडल्याशिवाय ती जात नाही. उबग आला असेल तर तयारी, फोन, निर्णय यांतले काहीच कामाचे नाही. तिथून उठून जावे. शब्द सुचत नसेल तर शरीर लिहावे: जबडा आवळलेला, पोटात खड्डा, खांदे कानांपर्यंत चढलेले. शब्द मागाहून सापडतो.

मधला एखादा दिवस चुकला तर चुकू द्यावा. मागचे तीन दिवस आठवून आठवून भरलेली नोंद कामाची नसते. रकाना कोरा ठेवून पुढे जावे. मात्र सुरुवात गणपतीत, दिवाळीत किंवा घरच्या लग्नाच्या धांदलीत करू नये, कारण तेव्हाचे दिवस आपल्या नेहमीच्या आयुष्याबद्दल फारसे सांगत नाहीत. दोन आठवडे सांगितले ते अशासाठी की, एका रविवारावरून सगळ्या रविवारांचा अंदाज बांधता येत नाही.

वही कशी वाचावी

दोन आठवडे भरले की सवडीने एका दुपारी वही उघडावी. सुखाला सात किंवा अधिक गुण असलेल्या तुकड्यांखाली एका रंगाने आणि तीन किंवा कमी गुण असलेल्यांखाली दुसऱ्या रंगाने रेघ मारावी, आणि उजव्या कोऱ्या पानांवर त्यांच्यात समान काय आहे ते शोधावे. पहिल्यांदा झोप आणि भूक पाहावी. ज्याला आपण तापट स्वभाव म्हणत आलो तो दुपारी एक ते दोनमध्येच उफाळत असेल आणि त्या दिवशी सकाळी नाश्ता झालेला नसेल, तर प्रश्न स्वभावाइतकाच पोह्यांचाही आहे. पाळीच्या तारखा, पित्त, डोकेदुखी यांचाही मेळ बसतो का ते पाहावे. त्यानंतर वेळ पाहावी, मग जागा, आणि सर्वांत शेवटी माणसे.

माणसे शेवटी ठेवण्याचे कारण असे की, तिथे घाईने निकाल दिला जातो. एखाद्या बहिणीशी बोलल्यावर दर वेळी थकवा येतो असे नोंदीत दिसले, तर ती वाईट आहे किंवा आपले तिच्यावर प्रेम नाही असा अर्थ काढू नये. रात्री दहानंतर, दोघीही दमलेल्या असताना, वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलणे थकवणारे आहे, एवढेच कदाचित खरे असेल. तोच फोन शनिवारी सकाळी करून पाहावा आणि मग आकडे पाहावेत.

ज्या तुकड्यांत सुख कमी आणि समाधान जास्त आहे, त्यांना हात लावू नये. सासऱ्यांना डोळ्यांच्या तपासणीला नेणे, बँकेतले केवायसीचे काम मार्गी लावणे, माळा आवरणे यांत मजा नसते, पण ते काढून टाकलेला दिवसही पोकळ वाटतो. बदलाची खरी जागा वेगळ्याच गटात आहे. ज्या तुकड्यांत सुखही नाही, समाधानही नाही आणि वेळ मात्र भरपूर गेला आहे, ते वेगळे काढून त्यांचे तास मोजावेत. बहुतेकांना तिथे मोबाइल सापडेल. काहींना त्याऐवजी सवयीने जावे लागणारी एखादी बैठक, नकोशा झालेल्या व्हॉट्सअॅप गटातले वाद किंवा कोणी न मागितलेली धावपळ सापडेल.

बदल कसा करावा

आठवड्याला एकच बदल करावा आणि तो इतका लहान असावा की, त्यासाठी घरात कोणाची परवानगी लागू नये. वरच्या नमुन्यातली स्त्री सकाळचा चहा उभ्याने पिते. गॅलरीत एक खुर्ची ठेवून तेथे बसून तो घेणे हा तिच्यासाठी योग्य पहिला बदल आहे. रात्रीच्या शंभर मिनिटांबाबत ‘आजपासून मोबाइल बंद’ अशी भीष्मप्रतिज्ञा करू नये. चार्जर शयनगृहातून स्वयंपाकघरात हलवावा, इतके पुरे. सुखाच्या वाढीव गुणांकडे आठवडाभर लक्ष ठेवावे आणि फरक पडला नाही तर बदल निमूटपणे मागे घ्यावा.

परंतु सव्वासहा ते सात-चाळीस या तुकड्याला खुर्ची किंवा चार्जर पुरणार नाही, आणि या विषयावर लिहिणारे बहुतेक जण हा मुद्दा टाळतात. तीन डबे, वेणी आणि भरून आलेली पाठ यांवर दीर्घ श्वसन हा उपाय नाही. चौदापैकी दहा सकाळी तिची चिडचिड त्याच वेळेत लिहिलेली असेल, तर वहीने तिच्या मनातला दोष दाखवलेला नाही. घरातली कामाची वाटणी दाखवली आहे. अशा वेळी वही मिटून नवऱ्याशी आणि मोठ्या मुलाशी बोलावे, आणि बोलताना ‘मला कोणी मदतच करत नाही’ असे न म्हणता नोंदीतली नेमकी गोष्ट पुढे ठेवावी: भाजी रात्रीच निवडून-चिरून ठेवायची, वेणी बाबांनी घालायची, मोठ्याने स्वतःचा डबा स्वतः भरायचा. वेळ, काम आणि नाव ठरले की वाद कमी होतो. कार्यालयातल्या वरिष्ठांशी बोलतानाही हेच लागू आहे. स्वतःला ओळखताना कोणते ओझे आपले नाही, हेही कळले पाहिजे.

रात्री अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामे डोक्यात फिरत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी छोटी नोंद आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, पार पडलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. अभ्यास लहान आहे, पण खर्च पाच मिनिटांचा आणि एका चिठ्ठीचा आहे. ‘आईचे बघणे’ असे न लिहिता ‘आईच्या रक्ततपासणीसाठी सकाळी आठला लॅबला फोन’ असे लिहावे.

जुने दुःख लिहायचे असेल तर

रोजच्या नोंदी करताना कधी कधी खोल गाडलेली एखादी गोष्ट वर येते: फसवणूक, अपमान, एखाद्याचे जाणे. ती रोजच्या रकान्यात कोंबू नये. तिच्यासाठी वेगळे कागद आणि वेगळी वेळ ठेवावी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली ४६ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायचे होते. ज्यांनी घडलेली घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले आणि २००६ साली १४६ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा फायदा खरा, पण लहान असल्याचे दिसले. तेव्हा यातून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. गजर लावून पंधरा मिनिटे लिहावे, गजर झाला की थांबावे, चार दिवसांनी कागद बाजूला ठेवावेत. लिहिल्यानंतर लगेच स्वयंपाकाला किंवा मीटिंगला जावे लागेल अशी वेळ निवडू नये. जखम अगदी ताजी असेल तर लिहिण्यापेक्षा कोणा जवळच्या माणसाजवळ बसणे बरे.

लिहिणे आणि उगाळणे यांतला फरक ओळखण्यासाठी वहीतच खूण मिळते. सलग तीनचार दिवस तेच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत येत असेल, नवा तपशील एकही येत नसेल आणि लिहून झाल्यावर हात हलका होण्याऐवजी मूठ आवळत असेल, तर ते लिहिणे थांबवावे. तेवढाच वेळ पायी चालून यावे किंवा तोच प्रसंग ‘मी’ ऐवजी ‘तो’ किंवा ‘ती’ वापरून एकदा लिहून पाहावा. दुसऱ्याची गोष्ट म्हणून वाचताना नजर बदलते.

दोन आठवड्यांच्या बहुतेक सगळ्या नोंदींत उदासी असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींनाही एक-दोनच गुण पडत असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हे वहीच्या आवाक्यातले काम नाही. तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. काय होते आहे हे सांगायला ती फार उपयोगी पडते. जगणेच नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नये. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

राहता राहिला वहीच्या सुरक्षिततेचा प्रश्न, आणि दोन खोल्यांच्या घरात तो लहान नाही. नावांऐवजी आद्याक्षरे वापरावीत. वही कपड्यांच्या कपाटात दडवण्यापेक्षा जुन्या बिलांच्या फायलीत ठेवावी, कारण तिकडे घरातले कोणी आपणहोऊन वळत नाही. घरच्यांना ‘मी रोजचा हिशेब लिहितो’ इतके सांगून ठेवले तर कुतूहलही शमते आणि ते खोटेही ठरत नाही. दोन आठवड्यांनंतर रोज लिहीत राहण्याची गरज नाही. वर्षातून दोनतीनदा, नोकरी बदलल्यावर, मूल शाळेत जाऊ लागल्यावर किंवा निवृत्तीनंतर पुन्हा दोन आठवडे लिहावे आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहावे. उपयोग संपलेली पाने मात्र अखंड वही म्हणून रद्दीत घालू नयेत. आधी बारीक फाडावीत, कारण शेंगदाण्यांच्या पुडीवर आपले अक्षर कोणाला वाचायला मिळेल याचा नेम नसतो.